नेपथ्य पुढे आलं, सूत्रधार मागे गेला

बाहेर पाऊस असूनही तुम्ही आलात, आणि जे घरी बसून ऐकताहेत त्यांनीही वेळ काढलाय, तेव्हा प्रस्तावना फार लांबवत नाही. आजचा विषय नाटकाच्या पडद्यामागच्या तयारीचा. मी नाटकवाला नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. नाटक पाहिलं ते तिकीट काढून, आणि कॉलेजात असताना दोनतीन वर्षं विंगेत उभं राहून. विंगेतल्या त्या दिवसांकडे मी नंतर येईन.

सुरुवात दोन शब्दांपासून करतो.

पहिला शब्द 'नेपथ्य'. आज आपण राज्य नाट्य स्पर्धेचा निकाल वाचतो, त्यात 'नेपथ्य : प्रथम पारितोषिक' असं असतं. कुणाला मिळतं ते? ज्याने दिवाणखाना उभा केला, जिना बांधला, खिडकी लावली त्याला. म्हणजे रंगमंचावर आपल्याला जे दिसतं ते नेपथ्य. संस्कृतात बरोबर उलटं आहे. तिथे नेपथ्य म्हणजे नटाचा वेष, आणि तो जिथे चढवला जातो ती पडद्यामागची खोली. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' अशी रंगसूचना आली, की आवाज आतून येतोय, माणूस दिसत नाही, असं समजायचं.

दुसरा शब्द 'सूत्रधार'. संस्कृत नाटकात हा सगळ्यांच्या आधी येतो, प्रेक्षकांशी बोलतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, त्यातही सूत्रधार पुढेच उभा. आज वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात बघा. लेखक अमुक, दिग्दर्शक अमुक, आणि खाली 'सूत्रधार' म्हणून एक नाव. हे गृहस्थ रंगमंचावर कधीच दिसत नाहीत. तारखा मिळवणं, गाडी ठरवणं, दौरा लावणं, कुणाचं काय अडलंय ते बघणं, हे त्यांचं काम.

म्हणजे मराठीत काय झालं? नेपथ्य आतून बाहेर आलं आणि सूत्रधार बाहेरून आत गेला. दोघांनी जागा बदलल्या. शब्दांचे अर्थ बदलतात, त्यात तक्रार करण्यासारखं काही नसतं. पण या अदलाबदलीत आपल्या हातून एक कल्पना निसटली असं मला वाटतं. ती कल्पना अशी, की आतली तयारी हा नाटकाचाच भाग आहे आणि प्रेक्षकाला तिची खबर असायला हवी.

'शाकुंतला'ची प्रस्तावना आठवा. नांदी झाल्यावर सूत्रधार नेपथ्याकडे बघतो आणि नटीला विचारतो, बाईसाहेब, तुमचं नटणंसजणं आटोपलं असेल तर या इकडे. हे तो सगळ्यांसमोर विचारतो. आपल्याकडच्या एखाद्या प्रयोगात निवेदकाने माइकवरून विचारलं, की "ताई, साडी नेसून झाली का?", तर काय होईल? लोक म्हणतील, नाटक बसलेलं नाही. कालिदास मात्र तिथूनच सुरू करतो. पुढे तर याहून गंमत आहे. नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते, आणि ते ऐकून सूत्रधार आपण कोणतं नाटक करणार आहोत हेच विसरतो. तिला विचारतो, आता काय करून दाखवू या? ती म्हणते, अहो, मघाशीच ठरलं ना, 'शाकुंतल' करायचं. विसरणं आणि आठवणं हा ज्या नाटकाचा कणा, त्याची सुरुवात एका विसरण्याने होते, आणि ते विसरणं तयारीतलं आहे. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. तेव्हा त्यांनी सूत्रधार आणि नटी दोघांनाही ठेवलं, टाकून दिलं नाही.

भरताने तर या तयारीचं शास्त्रच केलंय. नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय पूर्वरंगाचा. त्यातली पहिली नऊ अंगं पडदा बाजूला होण्याआधीची आहेत. प्रत्याहार म्हणजे वाद्यं आणून जागच्या जागी मांडणं. अवतरण म्हणजे गायकांनी येऊन बसणं. आरंभ म्हणजे गळा लावणं. परिघट्टना म्हणजे तारा जुळवणं. आपण ज्याला 'अजून चालू झालं नाही वाटतं' म्हणतो आणि वेफर्सचं पाकीट फोडतो, त्या वेळातल्या प्रत्येक कामाला भरताने नाव दिलं. शिवाय कोणत्या अंगाने कोण प्रसन्न होतं तेही सांगितलं. अप्सरा, गंधर्व, दैत्य, दानव, अगदी राक्षसही. पडद्याच्या या बाजूला आपण बसलोय, आपल्यासाठी अजून काहीच झालेलं नाही, आणि त्या बाजूला एक अख्खी सभा तृप्त होऊन गेली!

जागेचाही हिशेब बघा. चौसष्ट हात लांबीचं मध्यम नाट्यगृह. त्यातला पुढचा अर्धा भाग प्रेक्षकांचा. मागच्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग, त्यातला एक रंगमंचाचा आणि एक नेपथ्यगृहाचा. म्हणजे रंगमंचाला जेवढी जागा, तेवढीच कपडे करायला. आपल्याकडे एका नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये मी दोन वर्षांपूर्वी डोकावलो होतो. नाव सांगत नाही. आरशाभोवतीच्या आठ दिव्यांपैकी तीन चालू होते, आणि नळाखाली बादली ठेवलेली. सभागृहातल्या खुर्च्या मात्र नव्या कोऱ्या होत्या.

असो. आता मुद्द्याकडे येतो.

पडद्यामागे जे असतं ते खरं आणि पुढे जे दिसतं ते खोटं, अशी एक समजूत हल्ली फार पक्की झाली आहे. तिला एक विद्वत्तेचं पाठबळही आहे. अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात रोजच्या व्यवहारातल्या आत्मप्रदर्शनावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात माणसाच्या वागण्याचे 'पुढचा भाग' आणि 'मागचा भाग' असे दोन प्रदेश केले. हॉटेलात वेटर बाहेर अदबीने वागतो, मुदपाकखान्यात गेला की खांदे सैल सोडतो. निरीक्षण अचूक आहे, आणि गॉफमन स्वतः सावध लेखक होता. पण त्याचं रूपक लोकांच्या हाती गेलं आणि त्याचा अर्थ असा झाला, की मागे गेलं की खरा माणूस सापडतो. मग फोन घेऊन मेकअप रूममध्ये शिरायचं, अर्धी मिशी लावलेल्या नटाचं चित्रण करायचं आणि म्हणायचं, बघा, हा खरा!

अर्धी मिशी लावलेला नट जास्त खरा कसा? तो फक्त अर्धा तयार आहे.

हा निव्वळ शब्दांचा कीस नाही, आणि का नाही ते एका नाटकावरून सांगतो. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच', 1962 सालचं. मो. ग. रांगणेकरांचं दिग्दर्शन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर. एकच नट निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे होतो, दिवाकर दातार होतो, कॅप्टन अशोक परांजपे होतो, राधेश्याम महाराज होतो, दाजीशास्त्री दातार होतो. समोर कोर्ट चाललेलं. मंच फिरतो आणि तेवढ्या वेळात हा माणूस कपडे, टोपी, चाल, बोली, सगळं बदलून हजर. त्या काळी लोक त्या बदलाला टाळ्या देत. मीही दिल्या आहेत.

आता बघा, त्या नाटकात वेष बदलणारे दोघे आहेत. एक लखोबा, तो बायकांना फसवण्यासाठी वेष बदलतो. दुसरे पणशीकर, ते आपल्याला लखोबा दाखवण्यासाठी बदलतात. वेष तोच, टोपी तीच, बोलणंही तेच. मग एक गुन्हेगार आणि दुसरा कलावंत, हे कशावरून? प्लेटोला हाच प्रश्न छळत होता. जो वाटेल त्याचं सोंग घेऊ शकतो अशा माणसाला आपल्या आदर्श नगरात तो ठेवायला तयार नव्हता. त्याला सन्मानाने दुसऱ्या गावी पाठवा, म्हणाला.

नेहमीचं उत्तर असं, की फरक हेतूचा. लखोबाचा हेतू वाईट, नटाचा चांगला. मला हे उत्तर अपुरं वाटतं. हेतू मनात असतो, तो कोण बघणार? लखोबाही शपथेवर सांगतो, की माझा हेतू चांगला आहे. फरक बाहेर, सगळ्यांना तपासता येईल अशा ठिकाणी असला पाहिजे. माझ्या मते तो नेपथ्यगृहात आहे. लखोबा एकटा कपडे करतो. त्याच्या पाठीशी कुणी उभं नसतं, असूच शकत नाही, कारण एक जरी साक्षीदार आला तरी डाव फसला. पणशीकरांच्या पाठीशी माणसं होती. एकजण कोट धरून, एकजण टोपी घेऊन, मंच फिरवणारे वेगळे. आणि त्यांची ही धावपळ आपल्याला ठाऊक होती, म्हणून तर टाळी पडत होती. ज्याची तयारी चारचौघांच्या हातून होते आणि जिच्याबद्दल प्रेक्षकाला आधीच माहिती असते, ती फसवणूक होऊ शकत नाही. तिसरी घंटा ही त्या अर्थाने जाहीर नोटीस आहे. लखोबा लग्नाच्या बोहल्यावर उभा राहण्याआधी घंटा देत नाही.

कुणी म्हणेल, प्रोफेसर, मग रस कसा टिकणार? मागे टोपी धरून माणूस उभा आहे हे माहीत असल्यावर पुढच्या प्रसंगात मन कसं रमेल?

इथे मघाशी म्हटलेली विंगेतली गोष्ट. साधारण 1970च्या आसपासची, एकांकिका स्पर्धा. आमच्या एकांकिकेत एक म्हातारा बाप होता. तो करणारा मुलगा आधीच्या प्रवेशात त्याच बापाचं तरुण रूप करायचा. मध्ये अंधार, मोजून पाऊण मिनिट. माझं काम बॅटरी धरायचं. एक मुलगी धोतरावरचा जुना कोट घेऊन उभी, दुसरा हातात टाल्कम पावडर घेऊन केस पांढरे करायला. तो मुलगा दोन्ही हात पसरून उभा राहायचा, शाळेत जाणाऱ्या पोराला आई गणवेश घालते तसा. स्पर्धेच्या दिवशी त्याने अंधारात माझ्या कानाशी विचारलं, "पुढचं वाक्य काय रे?" मी सांगितलं. तो गेला, आणि ते वाक्य म्हणाला. आणि मी विंगेत बॅटरी हातात धरून रडलो.

वाक्य मीच दिलं होतं. पावडर कुठून आली ते माहीत होतं, डबा माझ्याच बहिणीचा होता. तरीही. हे कसं झालं, याचं उत्तर मला पुढे वीसेक वर्षांनी अभिनवगुप्त शिकवताना मिळालं.

अभिनवगुप्त रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगतो. त्यातलं एक असं, की प्रेक्षक त्या सुखदुःखाला कुणाला तरी चिकटवतो. हे माझं, किंवा हे या समोरच्या माणसाचं, आज, इथे घडणारं. असं चिकटलं की लाज, भीती, मत्सर, हेवा, सगळं सुरू. यावर उपाय काय? तो दोन गोष्टी सांगतो आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पूर्वरंग आणि प्रस्तावना बघून 'हा नट आहे' हे कळलं पाहिजे. मग मुकुट, वेष वगैरेंनी ते नटपण झाकलं गेलं पाहिजे. आधी कळणं, मग झाकणं. नुसतं झाकलं तर फसवणूक होते, नुसतं कळत राहिलं तर कोरडी कसरत होते. दोन्ही एकामागून एक झालं की समोरचं दुःख ना त्या मुलाचं राहतं, ना रामाचं, ना माझं. माझ्या बॅटरीने नाटक बिघडवलं नाही ते यामुळे. मला पहिली पायरी इतरांपेक्षा जास्त जवळून मिळाली होती, एवढंच.

पाश्चात्त्यांकडे या बाबतीत दिदरोचं नाव घेतात. नटाने आतून थंड राहावं, असं त्याचं प्रसिद्ध म्हणणं. ते छापून आलं 1830 मध्ये, तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी. स्तानिस्लाव्हस्की वेगळ्या टोकाकडून येतो आणि आतली खरी भावना जागी करायला शिकवतो. दोघेही मोठे, वाद अजून चालू आहे, त्यात मी जात नाही. पण त्या वादात तयारी म्हणजे नटाच्या मनाची तयारी. पिन कोण लावतो, हा प्रश्न त्यात फारसा येत नाही.

आणि हा प्रश्न न विचारल्याने काय होतं, याचं आपलं घरचं उदाहरण बालगंधर्वांचं.

'मानापमान'चा पहिला प्रयोग 12 मार्च 1911, किर्लोस्कर नाटक मंडळी. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकिकत मराठी घरात शंभर वर्षं सांगितली जाते. मीही लहानपणी वडिलांकडून ऐकली, आणि ऐकताना अंगावर काटा आला होता. आज ती ऐकताना मला अस्वस्थ वाटतं. सांगणारा नेहमी प्रेक्षागृहातून सांगतो. 'केवढी निष्ठा! दुःख गिळलं आणि हसतमुखाने गायले!' जणू रंगपट ही दुःख पुसून टाकायची जागा. रंग लावला, बाप संपला, भामिनी सुरू.

आपल्याला खरोखर काय ठाऊक आहे? मूल गेलं आणि प्रयोग झाला. त्या दोन गोष्टींच्या मध्ये काही वेळ गेला असणार. त्या वेळात कुणीतरी साडी पुढे केली असेल, निऱ्या धरल्या असतील, गंगावन बांधलं असेल, दागिन्यांचा फासा लावला असेल. त्या हातांना घडलेलं ठाऊक असणारच. तेवीसेक वर्षांचा बाप आरशासमोर बसलाय आणि कुणीतरी त्याच्या केसांत माळ घालतंय, हे चित्र मला 'निष्ठा' या शब्दात बसवता येत नाही. ती त्याने एकट्याने दाखवलेली निष्ठा होती, की बाकीच्यांनी त्याला उभं केलं, की त्याला थांबायची मुभाच नव्हती? आख्यायिका हे विचारूच देत नाही, कारण तिने रंगपटातली बाकीची माणसं आधीच काढून टाकली आहेत. आणि जाता जाता, भामिनी तरी कोण? धैर्यधराला भेटायला वनमाला बनून जाणारी. म्हणजे त्या रात्री एक पुरुष स्त्री झाला आणि ती स्त्री आणखी एक वेष घेऊन गेली. खाडिलकरांच्या नाटकातच इतके वेष आहेत, की खाली उरलेल्या माणसाबद्दल आपण जरा कमी ठामपणे बोलावं.

आता थोडं कोकणात जाऊ. दशावतारात ही माणसं गाळताच येत नाहीत, कारण ती लपलेलीच नसतात. जत्रेत, देवळाच्या आवारात, पेटारे उघडून मंडळी बसलेली. हातात छोटा आरसा, ज्याची रंगभूषा त्यानेच करायची. स्त्रीभूमिका करणारा शांतपणे काजळ रेखतोय आणि शेजारी गावातली दोन पोरं उकिडवी बसून बघताहेत. कुणी त्यांना हुसकत नाही. गणपतीची पूजा होते. आज कोणतं आख्यान, कोण कुठे येणार, कुठे युद्ध, हे बोलून ठरतं. संहिता लिहिलेली नाही, तेव्हा हे बोलणं हीच तालीम. मंचावर एक बाकडं, तेच सिंहासन, तेच पलंग. आणि मघाशी काजळ लावताना पाहिलेला तोच पुरुष दमयंती किंवा तारामती होऊन येतो, तेव्हा तीच पोरं श्वास रोखून बघतात. अभिनवगुप्ताचा क्रम ती पोरं न शिकता पाळतात.

केरळात कथकलीची तयारी तीनचार तासांची. नट जमिनीवर उताणा पडतो आणि दुसरा कलाकार त्याच्या चेहऱ्याला 'चुट्टी' बसवतो. पूर्वी ती तांदळाच्या पिठाची आणि चुन्याची असे, आता कागद कापून लावतात. तेवढ्या वेळात नट बहुधा झोपतो. स्वतःचा चेहरा दुसऱ्याच्या हाती देऊन झोपणं, याहून मोठा विश्वास कोणता असेल मला सांगता येत नाही. लखोबाला हे कधी जमलं नसतं.

शेवटचा मुद्दा, जरा रुक्ष. 2020च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली. नटांबद्दल बातम्या आल्या, निर्मात्यांबद्दल आल्या. कपडेपट सांभाळणारे, सेट लावणारे, इस्त्री करणारे, रंगभूषा करणारे यांच्याबद्दलही आल्या, पण मदतीच्या याद्यांमध्ये. ही माणसं 'नाइट'वर काम करतात. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर नाही. आपण त्यांना दानाच्या रांगेत पाहिलं, कारण एरवी आपण त्यांना पाहतच नाही. माझं म्हणणं असं, की प्रयोगाआधी जी घोषणा होते, फोन बंद ठेवा वगैरे, तिच्यात त्या रात्री मागे असलेल्यांची नावं वाचावीत. नाटकाबरोबर छापलेली कायमची यादी नको, त्या रात्रीची नावं. कोट कोण धरणार आहे, पडदा कुणाच्या हातात आहे. अर्धं मिनिट लागेल. कुणी म्हणेल यांत्रिक वाटेल, भ्रम मोडेल. कालिदासाचा मोडला नव्हता.

कथकलीतली एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगून थांबतो. मुख्य आख्यानाआधी तिथे 'तोडयम' नावाचं नृत्य होतं. तरुण नट ते करतात, पुरती रंगभूषा न करता. ते होतं धरलेल्या पडद्याच्या मागे. पुढे प्रेक्षक बसलेले असतात, त्यांना मद्दळम आणि चेंगिला ऐकू येतात, पायांचा आवाज येतो, नाच दिसत नाही. तो त्यांच्यासाठी नसतोच. मी ते एकदाच अनुभवलं. माझ्या पुढे एक आजीबाई बसल्या होत्या, त्यांनी पडदा असतानाच हात जोडले होते.

आता प्रश्न असतील तर घेऊ, माइक तिकडे मागच्या रांगेत द्या आधी.